मानेवरचा खडा

ग्रिम्सबीत, फ्रीमन स्ट्रीटवर, लोकरीच्या दुकानाच्या वर
माझी खोली. एक टेबल, एक हीटर,
बिनवासाच्या तेलाची बाटली
गरम पाण्याच्या मगात उभी.
मंगळवारी साडेदहाला ग्लेन्डा हॅरप येते.
जिन्यात दोनदा थांबते,
आणि कोट काढताना उजवा हात
डाव्या हातानं बाहीतून सोडवते,
झोपलेल्या मुलाचा सोडवावा तसा.

फॉर्मवर छापलंय : दुखणं किती? शून्य ते दहा.
ती दर वेळी चार लिहिते.
अडतीस वर्षं बर्फाच्या पाण्यात उभं राहून
हॅडकचे काटे काढले तिनं.
सुरी झिजून झिजून पेन्सिलीएवढी झाली, म्हणते.
एवढ्या सगळ्याला चार.

आमच्या घरी आकडे नव्हते.
कळ यायची, चमक निघायची,
पाठीत उसण भरायची, पोटरीत गोळा यायचा,
हाताला रग लागायची, रात्रभर ठणका,
आणि शिणवटा,
त्याला तर दुखण्यात कुणी धरतच नसे.
हे इथे कुठल्या रकान्यात लिहू?
बोटांनी विचारते. बोटांनीच ऐकते.

मान जिथे खांद्याकडे उतरते
तिथे तो असतोच.
मानेवर खडा ठेवून राबली, म्हणतात ना,
हा तो खडा.
चिंचोक्याएवढा, कातडीखाली, किंचित सरकणारा.

पहिल्या वर्षी मी या खड्यांशी भांडायचे.
कोपर लावायचे, ओठ चावायचे.
टेबलाची कड घट्ट धरून माणूस म्हणायचा, छान, छान,
आणि पुन्हा यायचा नाही.

आता नुसता अंगठा ठेवते.
दाब एवढाच, की पेरू पिकलाय हे कळावं,
पेरूला कळू नये.
आणि थांबते.
खाली कुणीतरी राखाडी लोकर मागतं.
धुराड्यावर बसून सीगल शिव्या घालतो.
नव्वद मोजेपर्यंत काही होत नाही,
कधी नव्वदनंतरही नाही.
कधी मात्र चहात साखर खचते तसं
आत काहीतरी बसतं.
"गेला," ती टेबलाच्या भोकातून म्हणते.
"येईल परत," मी म्हणते. "पण आत्ता गेला."
झिजलेलं हाड मी भरून देऊ शकत नाही,
हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलंय.

तोंड खाली असलं की माणसं खरं बोलतात.
पेटीमागे पैसे होते, ती सांगते,
हात थांबला की पगार थांबला.
म्हणून कुणाला बोललेच नाही.
अंगावर काढलं, आम्ही म्हणतो.
रांगोळी काढावी, तसंच क्रियापद.
तिच्या पाठीवर ती सगळी रेघ न् रेघ आहे.

शाल्मली तिला म्हणता येत नाही,
'शॉल'वर येऊन थांबते.
असू दे. टॉवेल तिच्या पाठीवर ओढताना
मलाही ते पटतं.

गेल्या मंगळवारी बटणं लावता लावता
तिला माझा अंगठा दिसला.
"दाखव."
दाखवण्यासारखं काही नाही, म्हणाले.
तिनं ऐकलं नाही. हात ओढला,
अंगठ्याच्या बुडाशी स्वतःचा अंगठा रोवला
आणि मनगटाकडे अशी सरकली
की मी लपवलेली जागा तिला थेट सापडली.
डोळ्यांत पाणी आलं माझ्या. कळ. कळच ती.

कुणी शिकवलं?
"बेरिलनं. लाइनवर शेजारी उभी असायची.
जेवणाच्या सुट्टीत मधे कढत पाण्याची बादली,
आणि मी तिचे हात, ती माझे.
मेली ती. खांदे शेवटपर्यंत तसेच."

मी मोजत होते. चाळिसाशी खाली बेल वाजली,
अकराचे ड्रायव्हरसाहेब, कंबरवाले.
वाजू दे, म्हणाली.

"किती? शून्य ते दहा?"
चार, मी म्हणाले.
"थापाडी," म्हणाली ग्लेन्डा,
आणि अंगठा सोडला नाही.